'संप झाला. बरे वाटले.' म्हणजे नक्की काय झालं?

बडोदेकरीण
मंडळी, एका शब्दाने आठवडाभर छळलंय. माझे आजोबा (आईचे वडील) बडोद्यातल्या एका गिरणीत साळखात्यात (विणकामाच्या विभागात) होते. त्यांची खर्चाची वही सापडली आहे. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली, वरून जुन्या पंचांगाचा पुठ्ठा. ती उतरवून पुण्या-मुंबईतल्या मामे-मावसभावंडांसाठी घरगुती पुस्तिका करते आहे. सगळं दूध, रॉकेल, धोब्याचा हिशेब. त्यात मध्येच ही ओळ:

"१४ मंगळ. संप झाला. बरे वाटले. गूळ अर्धा शेर."

मी खाली टीप टाकली, "गिरणीत संप झाला." मुंबईचा मामेभाऊ एकदम खूश, आजोबा लढवय्ये निघाले म्हणून. मग शेजारच्या गुजराती काकींनी ऐकलं आणि हसल्या. म्हणाल्या, "संप थयो एटले तो मनमेळ थयो!" गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा. कामबंदला ते हडताळ म्हणतात. आजोबा शिकले गुजराती शाळेत, घरात बोलत मराठी, आणि वहीत खिडकीला सर्रास 'बारी' लिहितात. मग हा संप कुठल्या भाषेतला? कामबंदीने पगार जातो, त्याने कुणाला बरं कसं वाटेल?

शेवउसळ
ताई, सलोखाच. 'संप त्यां जंप' ही म्हण आमच्या वाडीतली मराठी पोरंसुद्धा म्हणायची. जिथे एकी तिथे स्वस्थता. आमची आजी अस्सल देशस्थ, पण "त्या भावाभावांत संप नाही हो" असं म्हणायची. पुण्याची मावशी आली की विचारायची, कुठल्या कारखान्यात आहेत ते भाऊ?

परळचा_नातू
"कामबंदीने बरं कसं वाटेल" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. वाटतं. माझे आजोबा त्रासनखात्यात (सूतकताईच्या विभागात) होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा. पहिल्या दिवशी ते सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर जाऊन उभे राहिले होते, हे मला लख्ख आठवतं. एरवी त्या वेळी ते मशीनपाशी असायचे, कानात कापूस घालून. संध्याकाळी आजीला म्हणाले, आज अख्ख्या चाळीत कुणी कुणाला 'बदली लागला का' म्हणून विचारलं नाही. बदली कामगार म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आत घेणार. त्या दिवशी कायम आणि बदली एका रांगेत. याला बरं वाटणं नाही तर काय म्हणायचं?

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा 'संप संपला' असं शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. डबा मात्र रोज रात्री घासून पालथा घालायचे.

अनुस्वार
चर्चा भावनिक होण्याआधी व्युत्पत्ती पाहू. 'संपणे'शी संपाचा संबंध जोडू नये. काम संपलं म्हणून संप, असं शाळेत एका गुरुजींनी सांगितलं होतं, ते निव्वळ कानाला गोड. माझा कयास 'सं' + 'पद्' असा, म्हणजे एकत्र येणे, जुळणे. मूळ अर्थ जूट, आणि तो गुजरातीने राखला. आपण त्याला कामबंदीच्या दावणीला बांधलं. मराठीचं हे असंच चालतं, चांगला घरंदाज शब्द घेऊन त्याला चव्हाट्यावर नेऊन बसवायचं.

परळचा_नातू
चव्हाट्यावर बसलेली माणसं माझ्या घरातली होती साहेब. जरा जपून.

अनुस्वार
शब्दाविषयी बोललो, माणसांविषयी नाही.

निवृत्त_कामगार_वकील
दोघांनी थांबा, इथे कायदा मजेशीर आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची व्याख्या कलम २(थ) ला होती, इंग्रजी प्रतीत क्यू. तिचा गाभा असा: कामगारांच्या समूहाने *एकत्र येऊन* केलेली कामबंदी, किंवा सगळ्यांनी मिळून, आपसातल्या समजुतीने काम करायला दिलेला नकार. एकटा माणूस घरी बसला तर ती गैरहजेरी. दहा जण वेगवेगळ्या कारणांनी घरी बसले तरी गैरहजेरीच. ठरवून बसले की संप. म्हणजे काम बंद पडलं एवढ्याने भागत नाही, जूट सिद्ध करावी लागते. आता सांगा, गुजराती अर्थ आणि मराठी अर्थ एकमेकांपासून किती लांब आहेत?

इंग्लंडातही हेच झालं होतं. १७९९ आणि १८०० चे तिथले कायदे कामगारांच्या 'एकत्र येण्या'विरुद्धच होते, १८२४ मध्ये ते उठले. सरकारला भीती होती ती जुटीची. हात तर दुखण्यानेही थांबतात.

वकिलीतली एक आठवण. बडोद्यात एका युनियनचा गुजराती अर्ज होता, त्यात 'कामदारोमां पूरेपूरो संप हतो' असं वाक्य. समोरच्या कंपनीने नेमलेला भाषांतरकार आपला मराठी माणूस. त्याने इंग्रजीत लिहिलं, कामगार पूर्ण संपावर होते. झालं, कंपनीने तेच धरलं, बघा, स्वतःच कबूल करतात. त्या एका शब्दावर दोन तारखा गेल्या. मी साहेबांना 'संप त्यां जंप' ऐकवलं तेव्हा कुठे सुटका झाली.

मांजलपूरवासी
😂 वकीलकाका, फी कोणत्या तारखेची घेतलीत?

निवृत्त_कामगार_वकील
दोन्ही.

दांडियाबाजारकर
एक बारकावा. हडताळ आणि हरताळ यांची मराठीत खिचडी झाली आहे. हडताळ हे हाट + ताळं, बाजाराला कुलूप. म्हणजे मुळात दुकानदारांचं हत्यार. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध देशभर जो पाळला गेला तो हरताळ याच जातीचा. पण 'वचनाला हरताळ फासला' यातला हरताळ म्हणजे पिवळा खनिज रंग, हस्तलिखितातली चूक त्याने पुसायचे. दोन शब्द, एक चेहरा. आमच्याकडे एक काका 'दुकानाला हरताळ फासला' म्हणायचे, दुकानाचं काय पिवळं केलं देव जाणे.

शेवउसळ
आणि हरतालिका? 😀

दांडियाबाजारकर
तो धागा वेगळा काढा, नाहीतर तीन दिवस इथेच.

अनुस्वार
हाट + ताळं असेल तर कामगारांच्या कामबंदीला हडताळ म्हणणं हीसुद्धा गुजरातीची चूकच म्हणायची. कामगाराकडे कुठलं दुकान आणि कुठलं कुलूप? त्यापेक्षा आपला संप अर्थाने नेमका.

मांजलपूरवासी
म्हणजे आता संप चांगला? सकाळी तर तो चव्हाट्यावर होता.

निवृत्त_कामगार_वकील
कुलूप मालकाकडे असतं. १९१८ च्या अहमदाबादच्या लढ्याची सुरुवात आठवा, २२ फेब्रुवारीला गिरणीमालकांनीच विणकरांना टाळेबंदी केली होती. प्लेगचा बोनस बंद झाल्यावर कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० वर अडले होते. साबरमतीकाठी बाभळीखाली रोज सभा, गांधीजींचं तीन दिवसांचं उपोषण, आणि शेवटी लवाद. आनंदशंकर ध्रुवांनी ३५ टक्केच दिले. त्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन ही गिरणीकामगारांची संघटना उभी राहिली, अनसूयाबेन साराभाई त्यात पुढे होत्या. आता 'मजूर महाजन' हे मराठी कानाला कसं लागतं बघा. आपल्याकडे महाजन म्हणजे सावकार! तिथे मात्र व्यापाऱ्यांच्या संघाचा, गटाचा तो शब्द, कामगारांनी तोच उचलला.

परळचा_नातू
टाळेबंदीवरून आठवलं आणि पुन्हा डोकं तापलं. २०२० मध्ये पेपरवाल्यांनी लॉकडाऊनला टाळेबंदी केलं. अहो, टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला कुलूप घालून कामगाराला बाहेर ठेवणं. आमच्या घरात तो शब्द दबक्या आवाजात बोलला जायचा. आणि तो कुणाच्या वाट्याला आला, तर घरात बसून पोळ्या लाटायचे व्हिडिओ टाकणाऱ्यांच्या.

मांजलपूरवासी
आणि जे बडोद्याहून चालत दाहोदमार्गे घरी निघाले होते त्यांच्याही वाट्याला. हायवेवर पाण्याच्या बाटल्या वाटायला उभे होतो आम्ही. एकाने विचारलं, कंपनी उघडणार का. त्याच्या लेखी ती टाळेबंदी जुन्या अर्थानेच होती.

परळचा_नातू
हं. हे डोक्यात आलं नव्हतं.

अनुस्वार
तरी काटेकोरपणा हवाच. लॉकडाऊनला 'संचारबंदी' होता की. आणि 'कामगार' तरी कुठे मूळ अर्थाचा राहिला? एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत 'सरकारी कामगार' म्हणजे अंमलदार, साहेब लोक. गुजरातीतला कामदारही संस्थानांत कारभारी असायचा, आडनावं आहेत अजून.

दांडियाबाजारकर
म्हणजे हुद्दा खाली खाली घसरत गिरणीच्या गेटवर आला. पगार काही त्याच्या मागून आला नाही.

निवृत्त_कामगार_वकील
आणि आता 'रजा' शब्दही सांभाळा. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, एका दिवशी पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून नैमित्तिक रजा टाकली तर तोही संप. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय सगळाच संप बेकायदा. पूर्वी ती अट लोकोपयोगी सेवांपुरती होती. उद्या कुणाच्या वहीत 'आज रजा घेतली, बरे वाटले' सापडलं तर नातवंडांनी कोशात कुठे बघायचं?

बडोदेकरीण
सगळ्यांचे आभार, पण माझा मंगळवार राहिला बाजूला! वरचं-खालचं पान फाटलेलं आहे, महिना नाही, साल नाही. त्या ओळीच्या खाली एवढंच वाचता येतं: "दोरी सव्वा आणा."

शेवउसळ
दोरी!! ताई, १४ तारीख, गूळ आणि दोरी. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत! बडोद्यात मांजाला दोरीच म्हणतात. गूळ तिळगुळाचा. 'गोड बोला' म्हणून कुणाशी तरी बोलणं सुरू झालं, संप झाला, बरे वाटले. संपला विषय.

दांडियाबाजारकर
सोपं आहे तपासायला. १४ जानेवारी मंगळवारी आली ती १९३६, १९४१, १९४७, १९५८ ला. आजोबा कधी लागले गिरणीत?

बडोदेकरीण
१९३९. म्हणजे पहिलं बाद. आणे-शेर सगळ्याच सालांना चालतील, दशमान नाणी ५७ ला आली तरी आजोबा मरेपर्यंत आण्यातच मोजत.

परळचा_नातू
दोरी कपडे वाळत घालायचीही असते. आणि मंडप, बावटा बांधायलाही लागते. गेटवर लाल बावटा काय हवेत तरंगतो? गूळ म्हणाल तर संपात चहाला साखर परवडत नाही, गूळच घालतात. आमच्याकडे ८२ ला घालत होते.

मांजलपूरवासी
किंवा गोळधाणा. कुणाची तरी सोयरीक ठरली. गुजरातीत दोन घरांत संप झाला की गोळधाणा खातातच.

अनुस्वार
गोळधाण्याला धणे लागतात. धण्याची नोंद आहे का?

बडोदेकरीण
धणे नाहीत. काल मामीला, म्हणजे आजोबांच्या बहिणीच्या सुनेला, फोन केला होता. ब्याण्णव वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, गिरणी नाही आणि उत्तरायण नाही, दादा (म्हणजे आजोबा) आणि त्यांचे थोरले भाऊ नळाच्या पाण्यावरून दोन वर्षं बोलत नव्हते, ते बोलायला लागले असतील. मग जरा थांबून म्हणाल्या, पण थोरले तर गिरणीत जॉबर होते, आणि दादा ज्या दिवशी कामावर गेले नाहीत त्याच दिवशी थोरलेही गेले नाहीत, तेव्हापासून बोलायला लागले असं सासूबाई सांगायच्या. साल विचारलं तर म्हणाल्या, मी तेव्हा लग्न होऊन आले नव्हते.

निवृत्त_कामगार_वकील
जॉबर संपात उतरला? साल मिळतंय का बघाच ताई. जॉबर बहुतेकदा मालकाच्या बाजूने असायचा, भरतीच त्याच्या हातात.

परळचा_नातू
आमच्याकडेही एक जॉबर उतरला होता. वेगळा धागा काढतो त्यावर. बाय द वे 'जॉबर'ला मराठी शब्द काय, मुकादम चालेल का?

अनुस्वार
अजिबात नाही. मुकादम वेगळा, जॉबर वेगळा. सांगतो.