टेम्पोतली पोरं (अनुभव लिहा)

काल माजिवड्याच्या सिग्नलला एक टेम्पो शेजारी थांबला. पातेली, गोधड्या, कोंबड्यांचा खुराडा, त्यावर चार पोरं. दिवाळी झाली, कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघाली. २००६ साली मी मुरबाड तालुक्यात जि.प. शाळेवर होते. पटावर ३१, दिवाळीनंतर वर्गात १२. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली, ती फिटेस्तोवर अख्खं घर भट्टीवर. दुसरीतली एक जाताना पाटी माझ्याकडे देऊन गेली, "बाई, तिकडं फुटंल." परत आली तेव्हा काना-वेलांटी विसरली होती, पाटी मात्र आल्या आल्या मागितली. तुमचंही लिहा.

खाणवाला तुर्भे
आई खडी फोडायची. जन्मदाखला नाही म्हणून मला शाळेतून दोनदा परत पाठवलं. शिक्षण हक्क कायद्याने १ एप्रिल २०१० पासून वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, पण वस्तीत हे सांगायला येतं कोण? गेल्या जूनमध्ये शेजारच्या वहिनींसोबत मीच गेलो, कलम १४ ची प्रिंट घेऊन. पोरगा आता पहिलीत आहे!

माई कळवा
भोंगाशाळा आठवतात का कुणाला? विधायक संसद या संस्थेच्या, वीटभट्टीवरच्या मुलांसाठी. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. मी एक हंगाम शिकवलं. ५ ते १३ वयाची मुलं, फळा एकच. मुली कडेवर भाऊ घेऊन यायच्या. भावाला बाहेर ठेव म्हटलं असतं तर मुलगीच आली नसती.

ऐरोली सेक्टर ८
अगदी. अंगणवाडी वेळेवर उघडली की थोरली शाळेत दिसते. आमच्याकडे साइटवरची मुलं घरी गोरबोली (बंजाऱ्यांची बोली) बोलतात, पुस्तक मराठी. वर्षभर गप्प बसतात, मग लोक म्हणतात मंद आहे. फार राग येतो.

सुमन
मुरबाडवरून आठवलं, फांगण्याची आजीबाईंची शाळा, ८ मार्च २०१६ ला सुरू झालेली. गुलाबी लुगडी नेसून आज्या शिकतात. आमच्या आजीला फोटो दाखवला तर रडली.

ऐरोली सेक्टर ८
जायचं कसं?

सुमन
कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे विचारत जा. कूकर झाला, पळते.

मूळ लेखिका
माई, तुमचं वाचून कालपासून झोप नाही. मी म्हटलं होतं एकीला, "बाळ घरी ठेवून ये." दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

माई कळवा
बाई, तेव्हा आपल्याला तरी कुणी शिकवलं होतं? भिवंडीकडे कोणी राहतं का? भट्टीवरच्या मुलांकडे शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं) असलं तरी जवळच्या शाळेत न्यायला माणूस लागतो.

कोनकर
मी कोनला. रविवारी मोकळा आहे.