हर्नियाची जाळी बसवल्यावर परत फुगवटा?

कळवेकर: बाबांचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं गेल्या आठवड्यात, दुर्बिणीतून, जाळी टाकलीय, चालतात फिरतात पण त्याच जागी फुगवटा दिसतोय. एवढ्या लवकर परत येतो का?

ऐरोली_पक्या: बहुतेक सेरोमा, रिकाम्या जागेत पाणी साचतं, खोकल्यावर वाढत नसेल तर सहसा काही आठवड्यांत जिरतं. उगाच सुईने काढायला लावू नका, इन्फेक्शन जाळीपर्यंत गेलं तर निस्तरणं कठीण. पण सर्जनला दाखवाच, फोटोवरून कोण सांगणार!

नेरूळची ताई: आमच्या ह्यांचं तर खाली अंडकोषापर्यंत काळंनिळं झालेलं, मीच हादरले, पण उतरलं हो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. ताप, पू किंवा लघवी अडली तर थेट हॉस्पिटल.

कळवेकर: खोकल्यावर वाढत नाहीये. उद्याच दाखवतो, रिक्षाने नेतो, लोकल नको.