बुडबुडे काढण्याचा निर्वात डबा: झाकणाबाबत

सिलिकॉनच्या मिश्रणातील बुडबुडे काढण्यासाठी स्टीलच्या पातेल्याला, आतली हवा खेचून घ्यायला, जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जोडावा आणि वर झाकण म्हणून खिडकीची काच ठेवावी, अशी सूचना या चर्चेत कोणीतरी केली आहे. त्यातली कॉम्प्रेसरची कल्पना परवडणारी आहे, आणि ठाण्यात वागळे इस्टेटकडे असे जोडकाम करून देणारे कारागीरही मिळतात; मात्र काचेच्या झाकणाचा सल्ला कृपया कोणीही पाळू नये. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो, त्यामुळे आतली हवा काढली की २५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर जवळजवळ ५०० किलोंचा भार येतो आणि साधी काच कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते. निदान २० मिलिमीटर जाडीचे, ओरखडे नसलेले ॲक्रिलिक घ्यावे, आणि तरीही डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवाच.

मिश्रणाचे भांडे पाव भागच भरावे, कारण हवा निघू लागताच मिश्रण फेसाळून कित्येक पट वर चढते. मग फेस एकदम खाली बसतो, त्यानंतरही दोन-तीन मिनिटे कॉम्प्रेसर चालू ठेवावा. पावसाळ्यात दमट हवेतील पाणी कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळते. थिनर किंवा स्पिरिट असलेले मिश्रण मात्र या डब्यात कधीही ठेवू नये, कारण ती वाफ कॉम्प्रेसरमधून थेट खोलीत येते आणि स्विचच्या एका ठिणगीने पेट घेऊ शकते.