मदत हवी आहे : सोलापुरात छोटी अणुभट्टी जमेल का, हे तपासायचं कसं?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात बॉयलर आणि इलेक्ट्रिकल बघतो, सतरा वर्षं झाली. अणुशक्तीतलं मला काही कळत नाही म्हणून इथे विचारतोय, जाणकारांनी जरा वेळ काढून सांगा.

झालं असं की मागच्या आठवड्यात आमच्या कारखानदारांची बैठक होती, विजेचं बिल हा नेहमीचा विषय, आणि त्यात एका शेठनी विषय काढला की आता छोट्या अणुभट्ट्या येणारेत, एसएमआर म्हणतात त्याला, कारखान्यात तयार होतात, ट्रकवरून आणायच्या आणि बसवायच्या, मग आपण सगळे मिळून एक का आणू नये, वीजपण मिळेल आणि डाईंगला वाफपण मिळेल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दोन पानी टिपण करायचं काम माझ्याकडे आलं. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे.

मी वाचलं ते सांगतो, चुकत असेल तर सुधारा. ३०० मेगावॉटपर्यंतच्या अणुभट्टीला छोटी म्हणतात. केंद्रानं २०२५ च्या बजेटमध्ये त्यासाठी २०,००० कोटी ठेवले, २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच चालू करायच्या असं ठरलंय. एप्रिल २०२५ मध्ये महाजेनकोनं, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीनं, रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीबरोबर थोरियम इंधनाच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करारपण केला. डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा झाला आणि खाजगी कंपन्यांनाही दार उघडलं. म्हणजे विषय नुसता हवेतला नाही.

पण माझं मन पाण्यापाशी अडतंय. मी रोज सकाळी साडेसहाला कारखान्यातल्या जमिनीखालच्या टाकीत खुणा केलेली बांबूची काठी घालून पाणी मोजतो. काठी चार फुटांच्या खाली ओली झाली की टँकर सांगायचा, नाहीतर दुपारी बॉयलर बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात काठी दोन फुटांवरपण आलेली बघितलीय. ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं तिथे अणुभट्टीला पाणी कुठून आणायचं, हे बैठकीत एकानंही विचारलं नाही.

तर प्रश्न असा की असा प्रकल्प जमेल की नाही हे बघताना माणसं आधी काय तपासतात? खर्च, जागा, पाणी, की आणखी काही?

तापमापक

भाऊ, तुम्ही पाण्यापासून सुरुवात केलीत ते बरोबर आहे, त्याचा हिशेब घरी बसून होतो. आपल्या देशी २२० मेगावॉटच्या भट्टीत साधारण ७५० मेगावॉट उष्णता तयार होते, त्यातली २२० वीज होते, उरलेली ५३० च्या आसपास बाहेर फेकावी लागते. एक लिटर पाणी वाफ होताना अंदाजे २.४ मेगाज्यूल घेऊन जातं, म्हणजे सगळी उष्णता कूलिंग टॉवरमधून काढायची तर सेकंदाला २२० लिटर, दिवसाला जवळजवळ १ कोटी ९० लाख लिटर. दहा हजार लिटरचे १९०० टँकर, रोज. थोडी उष्णता नुसत्या हवेनंही जाते पण टॉवरमधलं खारट झालेलं पाणी सोडून द्यावं लागतं, त्यामुळे आकडा फार खाली येत नाही.

आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते, एवढ्याच विजेला कोळशाच्या नव्या प्लँटपेक्षा अणुभट्टीला पाणी जास्त लागतं कारण तिची वाफ कमी तापमानाची असते आणि कार्यक्षमता तीस-बत्तीस टक्क्यांच्या आसपास राहते. भट्टी छोटी केली म्हणून हे बदलत नाही.

भीमाकाठ

हिशेब बरोबर आहे पण वर्षाचा काढा की, पाव टीएमसीच्या आतच येतं. उजनी धरणाचा उपयुक्त साठा ५३ टीएमसीच्या वर आहे, त्यातलं पाव टीएमसी म्हणजे काहीच नाही असं कुणीही म्हणेल. माझी शेती भीमेच्या काठावर आहे म्हणून सांगतो, वर्षाचा आकडा बघून फसू नका. प्रश्न एप्रिल-मेचा आहे. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की तेव्हा पिण्याचं पाणी, ऊस, एमआयडीसी आणि फताटेवाडीचा एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प सगळे त्याच पाण्याकडे बघतात. आणि अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन गरमच राहतं, त्याला थंड करायला पाणी लागतंच, बॉयलरसारखं नाही की आग काढली आणि घरी गेलो.

टॉवेलवाला_सोलापूर

हे लिहून घेतलं, धन्यवाद दोघांना. बंद केल्यावरचं मला खरंच माहीत नव्हतं.

आता पैशाचं सांगा कुणीतरी. शेठ म्हणतात छोटी म्हणजे स्वस्त.

आकडेमोड

छोटी म्हणजे एकूण पैसा कमी, पण दर मेगावॉटला उलट जास्त पडतो. भिंत, कंट्रोल रूम, सुरक्षा रक्षक, परवान्याची कागदपत्रं ही भट्टीच्या आकाराच्या प्रमाणात कमी होत नाहीत. एसएमआरवाल्यांचं म्हणणं असं की एकाच साच्याच्या खूप भट्ट्या कारखान्यात बनवल्या की खर्च खाली येईल. येईलही, पण दहावी-विसावी बनेल तेव्हा, पहिलीला नाही.

अमेरिकेतलं उदाहरण टिपणात घालाच. न्यूस्केल कंपनीच्या भट्ट्या आयडाहोमध्ये बसवायच्या होत्या, ७७ मेगावॉटच्या सहा, घेणारी म्हणजे यूटा आणि आसपासची छोटी-छोटी गावं, अगदी तुमच्या कारखानदारांसारखीच एकत्र आलेली. आधी दर सांगितला मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) ५८ डॉलर, जानेवारी २०२३ मध्ये तो ८९ झाला, तोही सरकारी सवलत धरून. पुरेशी गावं वीज घ्यायला तयार होईनात, नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द. तंत्र चुकलं म्हणून नाही, गिऱ्हाईक जमलं नाही म्हणून. रशियाची पेवेकची तरंगती भट्टी २०२० पासून आणि चीनची शिदाओवानची २०२३ पासून चालू आहे, म्हणजे होतच नाही असंही नाही, पण दोन्हीमागे सरकारचा पैसा आहे.

आता वेळेचं गणित बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. समजा मेगावॉटला २० कोटी धरले (नुसता धरलेला आकडा आहे, कोटेशन नव्हे), २२० मेगावॉटला ४४०० कोटी. व्याज १० टक्के. बांधकाम पाच वर्षांत झालं तर व्याजासकट साधारण ५६०० कोटी होतात, दहा वर्षं लागली तर ७१०० च्या जवळ. वर्षाला ८५ टक्के चालली तर १६४ कोटी युनिट. चाळीस वर्षांत फेडायचं म्हटलं तर नुसत्या भांडवलाचा भार युनिटला पहिल्यात साडेतीन रुपये, दुसऱ्यात चार रुपये चाळीस पैसे. इंधन, पगार, विमा, शेवटी भट्टी मोडायचा खर्च वेगळा. आणि पाच वर्षांत बांधूनही नीट न चालता ६० टक्केच चालली तर साडेतीनचे जवळजवळ पाच होतात. म्हणून कुणी नुसता बांधकामाचा आकडा सांगितला की आधी विचारा, किती वर्षांत, आणि उशीर झाला तर व्याज कुणाच्या डोक्यावर.

भीमाकाठ

जागेचंपण लिहा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमात भट्टीभोवती किमान एक किलोमीटर वस्ती नको, म्हणजे गोल काढला तर ३१४ हेक्टर, पावणेआठशे एकर. एमआयडीसीच्या प्लॉटवर बसायची वस्तू नाही ही. आणि भूकंप. किल्लारी १९९३ आठवतंय ना, तो भाग तोपर्यंत सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. मी तेव्हा सातवीत होतो, पहाटे घरातली भांडी वाजायला लागली, आजीनं आम्हाला ओढून अंगणात आणलं होतं.

तापमापक

एक बाजू राहिली ती सांगतो, नाहीतर टिपण एकांगी होईल. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात पालो वर्दे नावाचं मोठं अणुकेंद्र आहे, जवळ नदी-समुद्र काही नाही, फिनिक्स भागातलं सांडपाणी शुद्ध करून त्यावर चालतं, कित्येक वर्षं. म्हणजे पाणी नाही म्हणून फाईल बंद असं नाही, पण मग सांडपाणी शुद्धीकरणाचा आणि पाईपलाईनचा खर्च भट्टीच्या खर्चात धरायचा.

वाफेबद्दल, शेठना सांगा वाफ लांब जात नाही. काही किलोमीटरच्या पुढे पाईप टाकला की उष्णतापण जाते आणि पैसापण. भोवती एक किलोमीटर मोकळं ठेवायचं आणि वाफ तुमच्या डाईंगला द्यायची, हे दोन्ही एकत्र जमवणं अवघड आहे.

आणि एनपीसीआयएलनं, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीनं, डिसेंबर २०२४ मध्ये २२० मेगावॉटच्या भट्ट्यांसाठी उद्योगांकडून जे प्रस्ताव मागवले होते त्यात पैसा, जागा, पाणी उद्योगानं द्यायचं आणि चालवायचं एनपीसीआयएलनं असं होतं. ती योजना स्टील, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा दिवसरात्र एकसारखी वीज ओढणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या सगळ्या सभासदांची मिळून मागणी किती, रविवारी किती, ते आधी गोळा करा.

टॉवेलवाला_सोलापूर

रात्री शिफ्ट सुटल्यावर सगळं परत वाचलं. तुम्ही लोकांनी एवढं लिहिलंत, खरंच आभारी आहे.

मी ठरवलंय की टिपणात हो किंवा नाही असं लिहायचं नाही. पहिल्या पानावर पाणी, तेही वर्षाचं नाही तर एप्रिल-मेचं. मग आकडेमोडभाऊंचं पाच वर्षं आणि दहा वर्षंवालं गणित, शेजारी शेजारी, आणि न्यूस्केलची गोष्ट. शेठ लोकांना युनिटचा दर लगेच कळतो. आमच्या कारखान्याची मागणी ९०० केव्हीए आहे, म्हणजे एक मेगावॉटच्याही आत, असे शंभर कारखाने धरले तरी २२० मेगावॉटच्या निम्म्यालापण पोचत नाही, हे आज दुपारी कॅल्क्युलेटरवर बघितलं आणि तिथेच बराच वेळ बसून राहिलो. उद्यापासून सभासदांची वीजबिलं मागवतोय, दर महिन्याची, वर्षभराची.

अजून एक विचारायचंय. ५५ मेगावॉटचीपण देशी भट्टी येणार असं वाचलं, एसएमआर-५५. ती घेतली तर पाणी पाव होईल हे समजतं, पण रक्षक, परवाने, कंट्रोल रूम तेवढीच राहिली तर युनिटमागचा खर्च किती चढेल, याचं ढोबळ गणित कसं करायचं? आकडेमोडभाऊ, वेळ मिळेल तेव्हा सांगा. बैठक पुढच्या शनिवारी आहे.