सायकल कोळप्याचं पेटंट कोणाकडे आहे?

पांझराकाठ, धुळे
मी मेकॅनिकलला शिकवतो. यंदा अप्रेझलच्या फॉर्मात नवा रकाना आलाय : पेटंट किती? मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं, मार्च २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात देशात लाखावर पेटंटं मंजूर झाली, मग आपलं कॉलेज मागे का? माझ्या नावावर एकच अर्ज आहे, तोही पाच जणांत. त्यातल्या दोघांनी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

सुट्टीत गावी गेलो तर वडील कपाशीत सायकल कोळपं ढकलत होते. जुन्या सायकलचं पुढचं चाक, मागे पाइपाच्या दोन मुठी, खाली पास, म्हणजे तण कापायचं पातं. बैल विकल्यापासून तेच चालतं. हे शोधलं कोणी, असं विचारलं तर म्हणे, "हाई काय शोध शे का रे? वेल्डरनी जोडी दिन्हं."

आपल्यासारख्या देशात किती नवं घडतंय, हे पेटंटच्या आकड्यावरून खरंच कळतं का?

मसुदेवाली, पुणे (मूळ अमळनेर)
नऊ वर्षं पेटंटचे मसुदे लिहितेय. सर, आधी सांगा, तुमचा अर्ज फाइल झालाय, पब्लिश झालाय की ग्रँट? कॉलेजच्या फ्लेक्सवर तिन्ही सारखेच दिसतात. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून येतोच, त्यासाठी कोणी तो तपासत नाही. तपासणी मागावी लागते, तिचे पैसे वेगळे. तिथेच बरेच अर्ज बसून राहतात, कारण रकाना तर भरलेला असतो. २०२१ मध्ये शिक्षणसंस्थांची फी ८० टक्क्यांनी उतरली. हेतू चांगला होता, पण वाढलेल्या आकड्यात शोध किती आणि सवलत किती, ते आकडा पाहून कळत नाही.

कोळप्याचं म्हणाल तर गावोगाव दिसणारी वस्तू कायद्याने नवी नाहीच. केळीची पिलं कापायची नवी रीत काढलीत तर शेतीची पद्धत म्हणून पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये बाद. नवं वाण काढलंत तर तेही बाद, त्याला २००१ चा वेगळा कायदा आहे. चंद्रपूरकडच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात लोंब्या निवडून एचएमटी भात काढला. पेटंटच्या मोजणीत तो कुठून येणार? छोट्या सुधारणांना चीन-जर्मनीत युटिलिटी मॉडेल नावाचं हलकं संरक्षण मिळतं. आपल्याकडे ते नाही.

मी स्वतः बघते ते नूतनीकरण. पेटंट २० वर्षांचं, पण तिसऱ्या वर्षापासून दरसाल फी भरावी लागते. ज्याला त्यातून चार पैसे सुटतात तोच ती भरत राहतो. फ्लेक्सवरची किती पेटंटं दहाव्या वर्षी जिवंत असतात ते एकदा मोजा.

कांदेबाग, रावेर
ठिबकचं मूळ इस्रायलचं, ग्रँड नैन ही केळीची जातही बाहेरचीच. १८ महिन्यांचा घड ११-१२ महिन्यांत यायला लागला, त्यात आमचं पेटंट शून्य. पण लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या नळीचं, टोक दुमडून त्यावर सायकलच्या ट्यूबची रिंग चढवली की एंड कॅप लागत नाही आणि नळी धुवायचा फ्लश अर्ध्या मिनिटात होतो. आमच्या शिवारात सगळे तेच करतात. पहिल्यांदा कोणी केलं, कोणालाच आठवत नाही भो.

गॅसकटर, चोपडा
तुम्ही सगळे पेटंटला हसताय, मला हसू येत नाही. मी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची खोडं, उपटायचा चिमटा केला. ओलं खोड सटकायचं म्हणून आतले दात उलटे कापले, तीनदा मोडून पुन्हा वेल्ड केले. दुसऱ्या हंगामाला बाजारात चार दुकानांत तोच चिमटा, माझ्याहून ५० रुपये स्वस्त. हातात कागद असता तर निदान भांडता आलं असतं.

मसुदेवाली
दादा, मग अर्ज का नाही केला?

गॅसकटर
आधी बाजारात मांडला, अर्ज नंतर सुचला. वकील म्हणाले, विकून बसलात, आता नवा राहिला नाही. ताई, तुमच्या मोजणीत मी नाही आणि माझ्या गल्ल्यातही काही नाही.

पांझराकाठ
मॅडम, आमचा फक्त पब्लिश झालाय. तपासणीची फी कोण भरणार विचारलं तर उत्तर मिळालं, "नंबर आलाय ना, तो लिहा." लिहिला.
चोपड्याचे दादा, दातांचा एक फोटो टाकता का? वडिलांना चिमटा हवाय. तुमच्याकडूनच घेईन, ५० रुपये जास्त देऊन.