जवळच्या शेतातला माल थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा, याने नक्की काय साधतं?

मातीमाखला:
माझं मत स्पष्ट आहे, शक्य तेवढं शेतकरी बाजारातूनच घ्यावं. पहिलं कारण चव. मटार, मका तोडला की आतल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, पालक उघड्यावर राहिला की क जीवनसत्त्व भराभर कमी होतं. लांब पाठवायचा टोमॅटो बऱ्याचदा हिरवाच तोडतात आणि इथिलीन हा पिकवणारा वायू देऊन लाल करतात, रंग येतो हो पण चव कुठून आणणार? वर ट्रकचं डिझेल वाचतं म्हणजे पर्यावरणालाही बरंच. तरी लोक सुपरमार्केटच का गाठतात कळत नाही.

हिशोबी:
चवीचं मान्य, डिझेलचं राहू द्या. २००८ मध्ये वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी अमेरिकेतल्या घरांचा हिशोब मांडला होता, त्यात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या (कार्बन वगैरे) उत्सर्जनात सगळी वाहतूक धरून ११ टक्के आणि शेवटचा टप्पा, म्हणजे उत्पादकाकडून दुकानापर्यंतचा, फक्त ४. पिकवण्यात ८३! थंड देशात हीटर लावून काचघरात काढलेल्या 'लोकल' टोमॅटोपेक्षा स्पेनमधून ट्रकने आलेला बरा, हे ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालात २००५ लाच आलंय. आणि दोन जुड्यांसाठी आपण गाडी काढतो ते कोण मोजणार?

मातीमाखला:
आणि विमानाने येणाऱ्या बेरी?

हिशोबी:
त्या वाईटच, वाद नाही. पण विमानाने फिरणारं अन्न एकूणात किरकोळ आहे.

बांधावरून:
मी विकणाऱ्या बाजूचा, तुम्ही दोघं कार्बनमध्येच अडकलात. अमेरिकन कृषी खात्याच्याच आकड्यात ग्राहकाने अन्नावर खर्चलेल्या डॉलरमधले १५ सेंटच्या आसपास शेतापर्यंत पोचतात. थेट विकलं की मधले हात जातात हे खरं, पण त्यांचं काम जात नाही ना, ते आमच्याच अंगावर येतं, पहाटे तोडणी, निवडणं, गाडी भरणं, दिवसभर उभं राहणं, पाऊस आला की गिऱ्हाईक नाही नि माल परत, आणि तेवढा वेळ शेतावर कुणी नाही. थोडं थोडं पण दहा प्रकारचं लावणाऱ्याला हे जमतं. एकच पीक ढिगाने काढणाऱ्याला घाऊक बाजारच बरा, उगाच त्याला शहाणपण शिकवू नये.

चौकस:
पण तिथे बसलेला प्रत्येक जण शेतकरी असतो का? घाऊक बाजारातून क्रेट उचलायचे नि टोपलीत मांडायचे, झाला शेतकरी. हंगाम नसलेलं सगळं एकाच टेबलावर दिसलं की मी तरी पुढे जाते. काही बाजारांत स्वतः पिकवलेलंच विकायचा नियम असतो, तसा आहे का ते आधी विचारा. आणि जवळचं म्हणजे बिनफवारणीचं, हे कुणी सांगितलं??

मातीमाखला:
कुणीच नाही, पण शेवटची फवारणी तोडणीच्या किती दिवस आधी केली हे विचारता तरी येतं. सुपरमार्केटच्या काउंटरवर कुणाला विचारू?

हिशोबी:
आणि तो खरं सांगेल कशावरून?

बांधावरून:
गॅरंटी नाहीच. फक्त खोटं बोललो तर पुढच्या खेपेला पुन्हा तुमच्याच समोर उभं राहायचंय, व्यापाऱ्याला विकला की तो प्रश्न नसतो. आणि इतकं विचारता तर वाकड्या काकड्या पण घेत जा की, चवीला काही फरक नसतो, व्यापारी हातही लावत नाही.

हिशोबी:
घेतो. कमी लावणार का?