तेल जवळजवळ बंद केलं तरी यांची रक्तातली चरबी वाढलीच कशी? रिपोर्ट कळणारं कुणी आहे का

नमस्कार मंडळी, निपाणीहून लिहितेय. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचे हे ४६ वर्षांचे, तंबाखूच्या वखारीत हिशेबाला, म्हणजे दिवसभर बैठक. दिवाळीनंतर तपासलं तर ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, उपाशीपोटी साखर १०८. अंगानं जाड नाहीत, हातपाय काडीसारखे, पोट तेवढं सुटलंय, कंबर ३८ इंच. डॉक्टर म्हणाले खाण्यावर ताबा ठेवा, तीन महिन्यांनी बघू. मग मी काय केलं तर तेलावर हात आखडला, भाजीला चमचाभर फोडणी, शेंगाचटणी बंद, तुपाचं तर नावच नको, रविवारचं मटण महिन्यातून एकदा. हे बिचारे गपगुमान भाताचा ढीग पुढ्यात घेऊन जेवतात. आणि तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराईडचा आकडा किती? २५१!

तेवढ्यात पुण्याच्या भाच्यानं कुठल्याशा पॅकेजमध्ये फॅटी ॲसिडची पण तपासणी करून घेतली. पाल्मिटिक ॲसिड लाल अक्षरात, पुढं वर जाणारा बाण. पाल्मिटोलेइक पण वर. लिनोलेइक खाली. ओमेगा-३ इंडेक्स ३.४.

आता पाल्मिटिक म्हटल्यावर माझ्या डोक्यात आलं पामतेल. घरात त्याचा थेंब नाही, आम्ही दोन पैसे जास्त मोजून घाण्याचं शेंगतेल आणतो. मग गेले की शनिवारी घाण्यावर भांडायला, चारचौघात भेसळ करताय म्हणून बोलले. त्या काकांनी शेंगदाण्याचं पोतं उघडून दाखवलं, गरम पेंड हातावर ठेवली. खरं मग रिपोर्ट खोटा म्हणायचा का? आणि जवसाच्या चटणीनं ओमेगा-३ वाढतं का?

प्रतिसाद (खानापूर, लॅबमध्ये असतो)
ताई, आधी घाण्यावर जाऊन काकांची माफी मागा 😄 पाल्मिटिक नुसतं खाण्यातून येत नाही, आपलं लिव्हर स्वतः बनवतं. भात, साखर, मैदा गरजेपेक्षा जास्त झाला की लिव्हर त्याची चरबी करतं, ती मुख्यतः पाल्मिटिक, त्यातल्या काहीचं पुढं पाल्मिटोलेइक. दोन्ही वर आणि सोबत ट्रायग्लिसराईड पण वर, म्हणजे माझा संशय ताटातल्या भातावर आणि गोडावर. तुम्ही तेल काढलंत आणि भात वाढवलात, उलटंच झालं की. लिनोलेइक शेंगतेलात असतं, ते कमी केल्यावर खालीच येणार, शिवाय हे आकडे टक्क्यांत असतात, एक वाढलं की दुसरं आपोआप कमी दिसतं.

ओमेगा-३ इंडेक्स ८ च्या वर चांगला, ४ च्या खाली कमी धरतात. जवस खा, चांगलंच आहे, खरं त्यातलं ओमेगा-३ शरीरात मासळीतल्यासारखं व्हायचं प्रमाण फार थोडं. बांगडा, तारली चालत असेल तर आठवड्यातून दोनदा, तळून नको. आणि ही तपासणी लगेच परत करू नका, ओमेगा-३ इंडेक्स तांबड्या पेशींतून मोजतात आणि त्या साधारण १२० दिवस जगतात, महिन्याभरात काही कळणार नाही, पैसे जातील.

खरं सांगू का, एवढ्या महागड्या तपासणीची गरजच नव्हती. ट्रायग्लिसराईड १५० च्या वर, एचडीएल ४० च्या खाली, साखर १०० च्या वर, कंबर ९० सेंटीमीटरच्या वर (३८ इंच म्हणजे साधारण ९६). बीपी धरून पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात (म्हणजे पुढं मधुमेह, हृदयविकाराचा धोका जास्त), तुमच्याकडं चार आहेत. डॉक्टरांना सोनोग्राफीचं विचारा, फॅटी लिव्हर आहे का बघतील. बाकी हे दिवसाला चहा किती घेतात?

मूळ लेखिका
दादा, घरात दोनच कप. खरं तुम्ही विचारलं म्हणून मगाशी वखारीतल्या चहावाल्या पोराला फोन केला. म्हणाला, "सायबांचे पाच, आणि साखर जरा जास्तच लागती त्यांना, वर खारी." म्हणजे सात झाले! हे आत्ता जेवायला बसलेत, अजून काही बोलले नाही. त्यांनी शेंगाचटणी मागितली, वाढली.